धोंडूची ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्याबरोबर रोज सकाळचा चहा घेतो त्या छापखान्याच्या मालकालाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही समोर बसलेले नाही, एवढंच कारण असेल.

माझा धंदा जाहिराती करण्याचा. माणगावात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझी खोली आहे, एक संगणक, एक पंखा आणि भिंतीवर चिकटवलेले कामाचे नमुने. इथून एक साप्ताहिक निघतं. ते म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत जातं, सलूनमध्ये आणि टपऱ्यांवर पडून असतं, आणि त्यात वडा बांधला जाण्याआधी चार माणसांच्या नजरेखालून जातं. त्यातल्या बहुतेक जाहिराती माझ्या. मध्यभागी हात जोडलेला कार्यसम्राट, भोवती तीस शुभेच्छुकांची मुंडकी, आणि प्रत्येक मुंडक्याचा आग्रह की आपण शेजारच्यापेक्षा मोठे दिसलो पाहिजे. ग्रामपंचायतीला पडलेल्या माणसाला मी भावी आमदार केलेलं आहे. काळ्यांना गोरं केलंय, दोन हनुवट्यांची एक केलीय. मी चार पुस्तकं वाचलेला माणूस, त्यामुळे हे सगळं करताना मनातल्या मनात हसायचो. आपण हे करतो, पण आपण त्यातले नाही — ही समजूत किती सोयीची असते, नाही?

या गर्दीत माझी स्वतःची अशी एकच श्रद्धा होती. मोकळी जागा. लोक पेपर वाचत नाहीत, चाळतात. सगळं पान ओरडत असताना जो चौकोन गप्प बसतो, तिथे नजर थांबते. एक चेहरा, एक ओळ, बाकी पांढरं. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. त्याला वाटतं, जागा घेतलीय तर भरून काढावी. मी भांडायचो, मजकूर कापायचो. शब्द कापताना मला जो आनंद व्हायचा तो — कसा सांगू — थोडा दुष्ट आनंद होता.

त्याच सुमारास, काही वर्षांपूर्वी, सुलभाताई आली.

ती बोर्ली पंचतनची. वडिलांना सांभाळून घरीच खानावळ चालवायची. वडील, रामचंद्र, ऐंशीच्या घरातले. आठवण पार गेलेली. त्या दिवशी सकाळी अंगणात बसले होते, ती भात उतरवून बाहेर येते तर नाहीत. कुणीतरी त्यांना एसटीत चढताना पाहिलं होतं. पोलिसांत तक्रार देऊन ती थेट माझ्याकडे आली होती, बारका भाऊ पनवेलहून निघाला होता. फोटो चांगला होता, अलीकडचा. ती उभ्यानेच सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. पांढरा सदरा. पायात चप्पल नाही. कानाला जरा कमी ऐकू येतं. मिश्री लागते. आणि मग ती म्हणाली, "दादा, आणि हे घालाच. त्यांना रामचंद्र म्हटलं तर कळत नाही आता. आधीची दोन पोरं गेली म्हणून आजीनं त्यांचं नाव धोंडू ठेवलं होतं, तेवढंच राहिलंय डोक्यात. धोंडू म्हटलं तरच ओ देतात."

मी ते टाइप केलं. हे मला स्पष्ट आठवतं. मी ते टाइप केलं होतं.

ती पुन्हा पोलीस ठाण्याकडे गेली आणि मी जाहिरात लावायला बसलो. सदरा ठेवला, अनवाणी ठेवलं. मिश्री काढली. धोंडूचं वाक्य आधी ठेवलं होतं. पण ते एका ओळीत बसेना. शेवटी 'ओ देतात' हे दोन शब्द खाली एकटे लोंबायला लागले, आणि त्यांच्यामुळे खालची सगळी पांढरी जागा बिघडली. अक्षर लहान करून पाहिलं. नाही बसलं. मग मी ते अख्खं वाक्यच निवडलं आणि काढून टाकलं.

वेळ नव्हता, असं सांगता आलं असतं. वेळ होता. वाक्य महत्त्वाचं वाटलं नाही, असंही सांगता आलं असतं. ते तर तिने बजावलं होतं. खरं एवढंच आहे की ते काढल्यावर चौकोन सुंदर दिसायला लागला आणि मी खुर्ची मागे सरकवून त्याच्याकडे बघत बसलो.

ती जाहिरात मी केलेल्या कामांत सगळ्यात चांगली होती. वर मोठ्या अक्षरांत 'यांना पाहिलंत का?', खाली तो चेहरा, आणि भोवती शांतता. भावाने तेच चित्र मोबाइलवर सगळीकडे पाठवलं. तालुक्यात कुणी पाहिलं नाही असं नव्हतं. सुलभाताईचा फोन आला, म्हणाली, फोटो किती छान आलाय, बाबा बोलतील असं वाटतं. मी म्हटलं, सापडतील.

सापडले. महामार्गाच्या कामासाठी खणलेल्या खड्ड्यात, पाण्यात, सकाळी मजुरांना दिसले. आमचा महामार्ग किती वर्षं होतोच आहे, तुम्हाला ठाऊक असेल. त्यावर मी पूर्वी फार विनोद करायचो.

दहावं झाल्यावर बहीणभाऊ श्रद्धांजलीची जाहिरात द्यायला माझ्याकडे आले. भाऊ खुर्चीत बसला, ती दाराशी उभी राहिली. भावाने सांगितलं ते असं — त्या खड्ड्यापासून जवळच एक चहाची टपरी आहे. टपरीवाल्याने जाहिरात पाहिली होती, फोटोवरून ओळखलंही होतं. बाबा त्याच्याच बाकावर येऊन बसले होते. त्याने विचारलं, आजोबा, तुम्ही रामचंद्र का? बाबा म्हणाले, नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. मग त्याने चहा पाजला आणि जाऊ दिलं.

पंखा फिरत होता. मग सुलभाताईने माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "दादा, ते धोंडूचं — मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता, हे लक्षात घ्या. तिला खरंच खात्री नव्हती. त्या दिवशी ती कशी होती, काय बोलली, काय राहिलं, तिचं तिलाच आठवत नव्हतं. ती मला विचारत होती, कारण मी शुद्धीवर होतो.

मी म्हणालो, "नाही ताई." तिथे थांबलो असतो तरी — पण नाही थांबलो. म्हणालो, "सांगितलं असतंत तर मी घातलं नसतं का?"

या दुसऱ्या वाक्याची गरज नव्हती. ते मी का बोललो? पहिलं भीतीने निघालं असेल. दुसरं मी रचलं होतं. नीट बसणारं, पटणारं, एका ओळीतलं. तेवढंच तर मला जमतं.

भाऊ तिच्याकडे वळला. "बघ," म्हणाला, "एवढी एक गोष्ट सांगायची होती तुला. एक." ती मान हलवत राहिली. रडलीसुद्धा नाही. तो तेव्हापासून बोर्लीला येत नाही, गणपतीलाही नाही. हे मला तिच्याकडूनच कळलं, आणि सांगताना ती त्याचीच बाजू घेत होती.

पुढे एकदा मी मुद्दाम त्या टपरीवर चहा प्यायला गेलो. काय ऐकायचं होतं मला? कदाचित असं काही, की म्हातारा भलतंच बरळत होता, कशालाच ओ देत नव्हता. टपरीवाल्याने आपणहून विषय काढला. "फोटो लय भारी व्हता," तो म्हणाला. "म्हून तर वळखला मी. पर म्हातारा म्हनतो, मी धोंडू. दोनदा म्हनला. मला वाटला, असंल दुसरा कोन." मग कपडा मारता मारता म्हणाला, "धोंडू लिवला असता ना पेपरात, तर हितंच धरून बसवला असता." मी चहा संपवला आणि निघालो.

म्हातारा आपलं नाव सांगत होता. दोनदा.

सुलभाताई दर वर्षी पुण्यस्मरणाची जाहिरात घेऊन येते. दुसऱ्या कुणाकडे जात नाही. बाबांचं तुम्ही किती मनापासून केलं होतंत, म्हणते. येताना डब्यात घावणे आणते आणि मी ते खातो. खानावळ तिने बंद केलीय. माणसांचं लक्ष राहत नाही माझ्याकडून, म्हणते. उद्या कुणाच्या ताटात काय पडलं तर? केस सगळे पांढरे झालेत. दर वर्षी ती पायऱ्या चढते तेव्हा मी ठरवतो, आज सांगायचं. मग ती बसते, पदराने घाम टिपते, आणि मी विचारतो, गाडी वेळेवर मिळाली का.

यंदा ती म्हणाली, दरवर्षीचं तेच नको, मी मजकूर सांगते. मी टाइप करत गेलो. 'बाबा, माझ्याकडून सांगायचं राहिलं. मला क्षमा करा. तुमची सुलभा.' बाकी काही नको, म्हणाली.

मी ते वाचून दाखवलं. एकही शब्द कापला नाही. फोटोखाली लावलं, चारही बाजूंनी सारखं अंतर ठेवलं, आणि विचारलं, 'क्षमा' जरा ठळक करू का?

"तुम्हाला कळतं त्यातलं," ती म्हणाली.

मी केलं.