सत्तेचाळीस नंबरचे चंबू

प्रयोगशाळेत तिला सगळे काचबाई म्हणत. तळमजल्यावरच्या धुण्याच्या खोलीत बावीस वर्षं ती चंबू, नळ्या आणि बरण्या धूत होती, आणि तिने धुऊन दिलेलं एकही भांडं कधी परत आलं नव्हतं. तिची कसोटी साधी होती. धुतलेल्या काचेवरून पाणी सलग ओघळलं पाहिजे. एक जरी थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर काच मळकीच. "डोळ्यांना फसवता येतं, पाण्याला नाही," असं म्हणून ती भांडं पुन्हा फेसात बुडवायची.

वरच्या मजल्यावर मॅडमचं काम चाले. पाव फुगवणाऱ्या यीस्टला त्यांनी डिझेल बनवायला बसवलं होतं. ते कसं, हे काचबाईने एकदा विचारलं, तेव्हा मॅडमनी दोन्ही हात पुढे केले.

"यीस्टमध्ये आम्ही एक एन्झाइम घातलंय. लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखं समजा. एका हातात चरबीचं आम्ल, दुसऱ्या हातात अल्कोहोल, आणि दोघांची गाठ मारून द्यायची. अल्कोहोल छोटं असलं की डिझेल तयार. पण या मावशीला लांबलचक अल्कोहोलच पसंत पडतं. एन्झाइम म्हणजे मण्यांची माळच असते, म्हणून तिच्यातला एकेक मणी बदलून बघतोय, आवड बदलते का."

"मावशीची आवड बदलणार? मग बसा वाट बघत," काचबाई म्हणाली आणि दोघी हसल्या.

तिचा नवरा बस चालवायचा. त्याने हे ऐकलं आणि हातातला घास खाली ठेवला. "अगं, मग उद्यापासून बस बेकरीसमोरच उभी करतो. म्हणतो, टाकी भरा!"

मणी बदलणं चालूच राहिलं. सत्तेचाळिसाव्या बदलात तपासणीच्या यंत्राने डिझेलचा मागमूसही दाखवला नाही. मॅडमनी वहीत काट मारली आणि त्या खेपेचे सहा चंबू, यीस्ट मरावं म्हणून कढत वाफेतून काढून, खाली पाठवून दिले.

काचबाईने पहिला चंबू घासला. पाण्याचे मणी उभे. साबण बदलला, सोडा लावला, ब्रश बदलला. मणी आपले जागच्या जागी. मग चिडून तिने कढत पाणी ओतलं आणि काच लख्ख झाली! पण चंबू गार झाला तसा आतून पुन्हा धुरकट पडदा चढला. तिचा हात थबकला. लग्नाआधी चार वर्षं ती मेणबत्त्यांच्या कारखान्यात साचे धुवायची. हा पडदा तिच्या ओळखीचा होता.

उरलेले पाच चंबू तिने तसेच बाजूला ठेवले. मळकं भांडं मुद्दाम मळकं ठेवायची ही पहिलीच वेळ. मग त्यातला एक चंबू घेऊन ती जिना चढली.

"काचबाई, तो प्रयोग वाया गेला," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "धुऊन टाका."

"धुऊन निघत नाही म्हणून तर आलेय. मॅडम, हे मेण आहे."

"मेण कुठून येईल?"

"ते तुम्हाला ठाऊक. मला मेण ओळखता येतं, एवढं खरं."

मॅडमनी चंबू उजेडात धरला. मग कपाळावर हात मारून घेतला. "यंत्र आपण डिझेल बाहेर पडेपर्यंतच चालवतो. त्यातून हलकं आधी बाहेर पडतं; मेण जड असतं, ते उशिरा येतं. त्याच्या आधीच आपण बंद करतो! आणि लांब अल्कोहोलशी गाठ पडली की मेणच होतं; ते अल्कोहोल तर या यीस्टमध्ये आहेच, मीच घातलंय तुलनेसाठी."

चंबूतला थर विरघळवून यंत्रात घातला. या खेपेला यंत्र जास्त तापवलं, दुप्पट वेळ चालवलं. काचबाई एप्रनला हात पुसत मागे उभी होती. पडद्यावरची रेघ कितीतरी वेळ आडवीच सरकली, आणि शेवटी एकदम ताडासारखी उंच गेली. मॅडम खुर्चीतून उडाल्याच.

"आवड बदलली नाही हो मावशीने! उलट हट्टालाच पेटली!"

तसलं मेण मलमांना आणि यंत्रांच्या वंगणाला लागतं, आणि एरवी सहजासहजी मिळत नाही. वर्षभराने अहवाल छापून आला, तेव्हा आभारात काचबाईचं खरं नाव होतं. दोन दिवस अख्खी इमारत विचारत होती, "या बाई कोण?" डिझेलही जमलं, त्रेसष्टाव्या बदलात. मॅडमनी काचबाईच्या नवऱ्याला बोलावून चमचाभर दाखवलं. त्याने जाणत्यासारखा वास घेतला. "वास बरा आहे," तो म्हणाला, "पण एवढ्यात माझी बस खोकणारसुद्धा नाही."

आता दरवर्षी नवे विद्यार्थी आले की त्यांचा पहिला तास धुण्याच्या खोलीत होतो. शिकवते काचबाई. पहिल्या वर्षी ती हातातल्या भांड्याकडे बघूनच बोलली. यंदा मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, तर तिने ब्रश उगारून विचारलं, "काय हो, तुमचं पाणी सलग ओघळलं का?"