पद गेलेल्या अध्यक्षीणबाई

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत निवडणूक असो नसो, बाराही महिने पक्षाचा झेंडा लावलेलं एकच घर होतं, अध्यक्षीणबाईंचं. एका निवडणुकीत त्यांचा पक्ष सपाटून पडला. जिंकणाऱ्यांची मिरवणूक मुद्दाम त्यांच्या दारावरून गेली, फटाके त्यांच्या ओट्यावर फुटले. दुसऱ्या दिवशी बाईंनी झेंडा काढला, धुतला, वाळवला आणि पुन्हा लावला. "धुरानं लई काळा पडला होता," एवढंच म्हणाल्या. त्याचा रंग मी सांगणार नाही. सांगितला की निम्मे वाचक इथंच पान उलटतील आणि उरलेले पुढचं न वाचताच टाळ्या वाजवतील. बाईंना दोन्ही खपलं नसतं.

पक्षाच्या वॉर्डातल्या महिला आघाडीच्या त्या अध्यक्ष, म्हणून हे नाव. माहेर बिडकीनकडचं, धनगराचं. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. लग्न होऊन शहरात आल्या आणि घरातच खानावळ काढली. मी चिकलठाण्याला कंपनीत लागलो तेव्हा त्यांच्याकडं जेवायला जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी ताटात भाकरी टाकत त्यांनी विचारलं, "कुणीकडचा रे तू?"

"जालन्याचा."

"गाव नाय इचारलं. पक्ष कोणता?"

मी शिकलेल्या माणसाच्या रुबाबात म्हणालो, "मी कुठल्याच पक्षाचा नाही काकू. राजकारणात पडत नाही."

"तुझ्या खोलीवर नळ कधी आलता?"

"झाले सात-आठ दिवस."

"मंग पडलाच हाईस की राजकारणात. आता उताणं पडायचं का पालथं, तेवढं ठरव."

सगळे जेवणारे हसले. मला राग आला, पण भाकरी चांगली होती, म्हणून टिकलो.

'आपण कुणाचेच नाही' म्हणणाऱ्यांवर बाईंचा भारी राग. "जितणाऱ्याचा पेढा खायाला हीच मंडळी पुढं असत्यात," त्या म्हणायच्या. विरोधकांवर मात्र त्यांची माया होती. शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे, आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते समोरच्या पक्षाचे जुने कार्यकर्ते. रोज सकाळी मधल्या भिंतीवर एकच पेपर पसरून दोघं कडाकडा भांडायचे. एकदा सर तापानं फणफणले. बाईंनी भिंतीवरून मऊ भाताचं पातेलं दिलं आणि बजावलं, "लवकर उठा सर. कालच्या मुद्द्याला तुमच्याकडं जवाब नाय, म्हणून झोपून राहू नका."

मग तो उन्हाळा आला. वॉर्डाची निवडणूक तोंडावर, बोअर आटलेले. बाईंच्या पक्षाच्या उमेदवारानं गल्लीत टँकर पाठवला आणि त्याबरोबर घरांची यादी. पक्षाच्या बाजूच्या घरांपुढं खूण होती. सरांच्या घरापुढं नव्हती. पाणी कुणाला सोडायचं ते अध्यक्षीणबाईंनी उभं राहून बघायचं, असा निरोप होता.

बाईंनी यादी वाचली. आत जाऊन पक्षाचा गमछा गळ्यात घातला, बाहेर आल्या आणि टँकरपुढं रस्त्यावर मांडी घालून बसल्या. "आधी सरांच्या टाकीत पाणी. मंग बाकीच्यांच्या."

टँकरबरोबरचा कार्यकर्ता गडबडला. "काकू, ते तिकडचे हायत."

"मला सांगतोस? बारा वर्षं भांडायले मी त्यांच्यासंगं. पाइप सोड."

गल्ली बघत उभी होती. मीही दोन बादल्या घेऊन उभा होतो. पाइपला कुणी हात लावेना. बाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, तेच मला लागलं. बादल्या खाली ठेवल्या, पाइप उचलला आणि सरांच्या दारात ओढत नेला. सर दारातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी उमेदवार स्वतः आला. खानावळीतच बसला, आमच्यासमोर. "काकू, आपल्याच माणसानं असं करायचं नसतं."

"भाऊ, आपल्याच माणसानं करायचं असतंय. तिकडच्यानं केलं असतं, तर तुमी त्याला विरोधक म्हणून मोकळे झाला असता. मला काय म्हणताल?"

तो उठून निघून गेला. आठवड्याच्या आत बाईंचं पद काढून दुसऱ्या बाईंना दिलं. ही बातमी पसरली त्याच संध्याकाळी समोरचा पक्ष हार आणि स्वतःचा गमछा घेऊन दारात हजर. मागं सर, ओशाळलेले, मान खाली. त्यांना बळंच आणलं होतं.

"या आमच्याकडं. तिथं तुमची किंमत नाही."

बाई पोळपाट पुसत होत्या. "पक्ष बदलाया मी काय भाडेकरू हाय? माझं भांडण माझ्या घरातलं हाय. मी घरात राहूनच भांडणार. सर, तुमी बसा, च्या पिऊन जा. बाकीच्यांनी हार घेऊन जावा."

त्यानंतरही त्या पक्षाच्या प्रत्येक बैठकीला गेल्या. मागच्या रांगेत बसवलं की उभ्या राहून बोलायच्या. माइक बंद केला की मोठ्यानं बोलायच्या. लोक त्यांना अध्यक्षीणबाईच म्हणत राहिले. नव्या बाईंचं नाव आज मला आठवतही नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी खानावळ बंद केली आणि बिडकीनला लेकाकडं राहायला गेल्या. निघताना सर रिक्षापर्यंत आले. "आता मी भांडू कुणाशी?" त्यांनी विचारलं. रिक्षा वळेपर्यंत बाई मागं बघत होत्या.

गेल्या वर्षी मी एका पक्षाचा सभासद झालो. बाईंच्या नव्हे, समोरच्या. विचार करून मला तोच पटला. भीत भीत फोनवर सांगितलं. दहा मिनिटं त्यांनी मला यथेच्छ झापलं. मग दम घेऊन विचारलं, "तिथलं काय पटत नाय, ते सांगितलंस का त्यांना?"

"अजून नाही."

"मंग कशाचा रे सभासद तू? पहिल्या बैठकीला सांग."

सांगितलं. दुसऱ्या बैठकीचं बोलावणं मला आलं नाही. तिसरीला मी न बोलावता गेलो आणि पहिल्या रांगेत बसलो.