ड्रमवरचा तळहात

"हात लाव, मग बोल." आमच्या यार्डातले ब्रेकमिस्त्री दिवसातून दहादा हे म्हणायचे, आणि म्हणताना उजवा तळहात समोरच्याच्या नाकापुढे धरायचे. काळा, भेगाळलेला, चपलेच्या तळासारखा जाड.

शीळफाट्याजवळ आमचं यार्ड आहे. मी तिथला सुपरवायझर. ट्रेलर चक्कर मारून आला की मिस्त्री खाली सरकायचे, एकेका चाकाच्या ब्रेकड्रमवर तळहात टेकवायचे आणि पाच आकडे मोजायचे. जो ड्रम जास्त गरम, तिथला ब्रेक अडकतोय. एवढंच त्यांचं शास्त्र. एकदा माल भरून निघालेला ट्रेलर त्यांनी गेटवरून मागे आणवला. "मागचं डावं उघड," म्हणाले. आत ब्रेकचा लायनर खरोखरच तुटलेला निघाला. ड्रायव्हर पाया पडायला वाकला, तर त्यालाही शिवी घातली.

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला ट्रेलरखाली घातलं. ड्रमला हात लागताच मी ओरडलो.

"अरे बघा रे, डिप्लोमाचा हात! साबणाने धुतलेला! जा, ऑफिसात फॅनखाली ठेव तो."

सगळे ड्रायव्हर हसले. पुढची नऊ वर्षं यार्डात माझं नाव 'साबण' होतं. अशी माणसं तुमच्याही कामावर असतील, आणि तुम्हीही मनात काहीतरी जपून ठेवलं असेल. मी ठेवलं होतं.

मग मालकांनी एका ट्रेलरचे ड्रम काढून डिस्कब्रेक बसवून घेतले. "मिस्त्रींना जमलं तर पुढचे सगळे ट्रेलर तेच बघतील," मालक आम्हा दोघांसमोर म्हणाले, "नाहीतर बाहेरचा फिटर ठेवू." चाचणीच्या दिवशी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांच्याकडे असा शर्ट आहे हे मला तेव्हा कळलं.

डिस्क बसवणाऱ्याने मला बजावून सांगितलं होतं, की ही डिस्क ड्रमपेक्षा कितीतरी जास्त तापते. हात अजिबात लावायचा नाही, लांबूनच गन रोखून तापमान बघायचं. ती गन माझ्या खिशात होती.

एमआयडीसीच्या रस्त्यावर दहा-बारा वेळा करकचून ब्रेक मारून ट्रेलर परत आला. मिस्त्री खाली सरकले आणि थबकले. चेहऱ्याला धग लागली असावी. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काय रे, फार तापतं का हे?"

"हात लावा, मग बोला," मी म्हणालो.

ड्रायव्हर हसले. मिस्त्रींनी डावीकडच्या डिस्कवर अख्खा तळहात टेकवला. कातडी तिथेच राहिली. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या डिस्कजवळ डावा हात नुसता नेला आणि दात आवळून म्हणाले, "डावं जास्त तापलंय." नंतर मी गनने पाहिलं. बरोबर होतं.

कळव्याला त्यांच्या घरी भेटायला गेलो. हाताला भलंमोठं बँडेज. "तुझी काय चूक?" ते म्हणाले. "तुलाही नवीनच होतं ना ते." मी मान डोलावली आणि चहा प्यायलो.

तीन महिन्यांनी ते आपण होऊन यार्डात आले. एक जुना, ड्रमवाला ट्रेलर नुकताच आत येऊन उभा होता. मिस्त्री खाली सरकले. मीही शेजारी सरकलो. त्यांनी ड्रमवर हात ठेवला, पाच मोजले, मग दहा.

"थंड आहे. जाऊ दे गाडी."

मी त्याच ड्रमवर हात टेकवला आणि चटका बसताच झटकन मागे घेतला. ते त्यांनी पाहिलं. मग स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. तो गुळगुळीत, गुलाबी झाला होता. ते बाहेर सरकले, पिशवी उचलली आणि गेटकडे चालू लागले.

त्यानंतर ते आले नाहीत. आता आमच्या सगळ्या ट्रेलरना डिस्क आहेत. भिंतीवर लाल अक्षरांत पाटी आहे, 'डिस्क गरम असते, हात लावू नये.' मिस्त्रींचा हात भाजला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ती रंगवून घेतली. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.