पेंटरीणबाई तळं बघायला निघतात

पेंटरीणबाईंनी आयुष्यात कधी ब्रश हातात धरला नव्हता. त्या शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायच्या. पण नवरा पाट्या रंगवायचा, म्हणून गल्लीने परस्पर त्यांना पेंटरीणबाई करून टाकलं. नवऱ्यामुळे न मागता पदरात पडलेल्या गोष्टींची यादी त्यांच्याकडे तयार होती आणि त्या यादीत हे नाव त्यातल्या त्यात बरं होतं.

त्यांचं शिलाई मशीन खिडकीशी होतं. खिडकीतून गावामागचा कडा दिसायचा, म्हणजे कड्याची पाठ दिसायची. पलीकडच्या अंगाला, खोल खाली, तळं होतं. कड्याच्या टोकावरून ते या काठापासून त्या काठापर्यंत दिसतं असं सगळे सांगत. लांबलांबचे लोक गाड्या करून यायचे, टोकावर उभे राहायचे, फोटो काढायचे आणि 'डोळ्यांचं पारणं फिटलं' म्हणत परत जायचे. बाईंनी मात्र एकोणतीस वर्षं कॉलरी जोडता जोडता नुसती पाठच पाहिली होती.

"जाऊ की एकदा," पेंटर दर वर्षी म्हणत. "आहे काय त्यात? अर्धा किलोमीटर. पाट्या मीच रंगवल्यात ना."

हे मात्र खरं होतं. तळ्याची देखभाल करणाऱ्या ऑफिसने वाटेवर लावायला नऊ पाट्या सांगितल्या होत्या आणि त्या पेंटरांनी घराच्या ओट्यावर रंगवल्या होत्या. हिरवी जमीन, पांढरं अक्षर, खाली बाण. पेंटरांचं अक्षर मोत्यासारखं होतं, त्यात वाद नाही. खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची, हाताखाली काठी टेकवायची, श्वास रोखायचा आणि 'क'चा पोटातला गोल एका झटक्यात काढायचा. छापील फ्लेक्सच्या जमान्यातही दोन-चार ऑफिसं त्यांना धरून होती ती याच गोलासाठी. माणूस अक्षराला पक्का होता. आकड्याला मात्र कच्चा होता, आणि किती कच्चा ते बाईंना ठाऊक होतं. पत्र्याची शेड "दोन महिन्यांत" होणार होती. ती तीन वर्षांनी झाली. "पाच मिनिटांत आलो" म्हणून गेलेले पेंटर एकदा जेवणं उरकून, भांडी घासून झाल्यावर उगवले होते. थोरल्या लेकीच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाहेर ते तब्बल अकरा तास "झालंच आता" असं सांगत हिंडत होते. शेवटी नर्सने त्यांना चहाला पिटाळलं.

यंदा डॉक्टरांनी बाईंचे गुडघे दाबून पाहिले आणि मशीनच्या पायट्याला दोष दिला. वर्षभरात ऑपरेशन, तोवर जिने आणि चढ टाळा, असं बजावलं. ऑपरेशननंतर चढ विसरूनच जायचा. घरी आल्यावर बाई खिडकीशी बसल्या, कड्याच्या पाठीकडे पाहिलं आणि मनाशी हिशेब केला. अर्धा चढायचा, अर्धा उतरायचा. एवढं तर आपण भाजीला जातो. गुडघ्यात शेवटची तेवढी ताकद शिल्लक आहे. ती इथेच खर्च करायची. आत्ता नाही गेलो तर कधीच नाही.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, अंतर कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

 मग लेक म्हणाली, पाण्याच्या दोन बाटल्या घे.

रविवारी चारला रिक्षाने त्यांना कड्याच्या पायथ्याशी सोडलं. वर सहाला कठड्याचं दार बंद करतात, असं रिक्षावाल्याने जाता जाता सांगितलं. पेंटर हसले. दोन तासांत चार वेळा जाऊन येऊ, म्हणाले. समोरच पहिली पाटी होती: 'तळे दर्शन – अर्धा किलोमीटर'. पेंटरांनी तिच्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि जुन्या मित्राला भेटल्यासारखं तिच्या पाठीवर थोपटलं.

वाट दगडांची होती आणि चढ सरळ अंगावर येणारा. बाई काठी टेकत, मोजून मापून पाय टाकत निघाल्या. बऱ्याच वेळाने वळणावर दुसरी पाटी लागली. 'तळे दर्शन – अर्धा किलोमीटर'.

बाई थांबल्या. पेंटरांनी पाटीकडे पाहिलंच नाही. आकाश कसं स्वच्छ आहे ते ते बघत होते.

"अहो, ही चुकून इथे लागली का?"

खांब पुरणाऱ्या माणसांवर पेंटरांनी लगेच खापर फोडलं. ते लोक जिथे माती मऊ लागते तिथे खड्डा करतात, त्यांना काय त्याचं. बाईंना ते पटलं, कारण पटवून घेणं चढण्यापेक्षा सोपं होतं.

तिसऱ्या पाटीपाशी वरून एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत उतरत होते. चेहरा लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी पाटीला हातातल्या बाटलीने एक टोला दिला.

"ही पाटी रंगवणारा एकदा हाती लागला पाहिजे," ते पेंटरांनाच म्हणाले. "चढताना बघावं तिथे अर्धा किलोमीटर. माणूस आहे का कोण?"

 पेंटरांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. त्यांनी अगदी मनापासून मान डोलवली.

"हल्ली कोणी काळजीच घेत नाही हो," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "अक्षर कसं वाटलं पण?"

गृहस्थांनी पाटीकडे पाहिलं, पेंटरांकडे पाहिलं आणि उतरू लागले. पेंटर बाईंच्या कानाशी लागून म्हणाले की, बघ, अक्षराला नाव ठेवलं नाही. बाईंनी कपाळावर हात मारला असता, पण एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

चौथ्या पाटीपाशी त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि याचीच पेंटरांना भीती वाटली. ते लगबगीने पुढे-मागे करू लागले, दगड बाजूला सारू लागले, "झालंच आता" म्हणू लागले. तिसऱ्या वेळी "झालंच" ऐकल्यावर बाईंना दवाखान्याचा व्हरांडा आठवला.

पाच वाजत आले होते. पाचवी पाटी आली. अर्धा किलोमीटर. बाई तिच्या खांबाला पाठ लावून मटकन खाली बसल्या.

"आता खरं सांगा," त्या म्हणाल्या. "किती उरलंय?"

 मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. ऑफिसच्या कारकुनाने अंतरं नंतर कळवतो म्हणून सांगितलं होतं, ती कधीच कळवली नाहीत. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून पाट्या दुसऱ्या दिवशी हव्या होत्या. तेव्हा पेंटरांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर एकच साचा कापला आणि नऊच्या नऊ पाट्यांवर तोच मारला.

"एकच का?" बाई म्हणाल्या.

"अगं, तीन किलोमीटर लिहिलं की लोक खालीच बसतात. अर्धा वाचला की माणूस उठतो. मी म्हटलं, लोकांना जरा धीर येईल."

 एकोणतीस वर्षं ज्या गोष्टीला बाई विसराळूपणा समजत आल्या होत्या, तिच्यामागे चक्क विचार होता हे त्यांना आत्ता कळलं. शेड, पाच मिनिटं, दवाखाना, सगळीकडे या माणसाने त्यांना धीर दिला होता. तो धीर खाऊन खाऊन त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

"मी खाली बसले ती कशाने?" त्यांनी विचारलं. "खऱ्याने बसले? चार खोट्यांनी बसले. सुरुवातीलाच दोन म्हटलं असतं ना, तर दोनाच्या बेताने चालले असते. तुमच्या अर्ध्यावर भरवसा ठेवून पहिल्या वळणालाच सगळा जोर संपवला मी. आता गुडघ्यात फक्त एकदाचंच चढणं उरलंय. खरा आकडा आणा, तर उठते. नाही तर इथून परत."

 आकडा पेंटरांनाही माहीत नव्हता. नऊ पाट्या रंगवणारा हा माणूस या वाटेने कधी वर गेलाच नव्हता.

बाईंना हसावं की रडावं कळेना. पेंटरांनी चपला घट्ट केल्या आणि मोजत निघाले, एक, दोन, तीन, मोठ्याने. बाई खांबाला टेकून ऐकत राहिल्या, एकशे चाळीसपर्यंत आवाज येत होता. मग वारा तेवढा उरला. उतरणाऱ्या दोघीतिघींनी चौकशी केली. आमचे हे जरा मोजायला गेलेत, असं बाईंनी सांगितलं. त्यावर पुढे कोणी काही विचारलं नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी पेंटर परतले. केस विस्कटलेले, श्वास लागलेला, तोंडावर मात्र लग्नात फेटा बांधतानाही नव्हता एवढा आनंद.

"सातशे बारा," ते म्हणाले. "सातशे बारा पावलं. म्हणजे बघ, जवळजवळ अर्धा किलोमीटर. ही पाटी बरोबर आहे गं."

बाईंनी डोळे मिटले आणि मनात दहापर्यंत मोजलं. मग विचारलं, तळं कसं दिसतं?

"बघितलं नाही."

"वर जाऊन?"

"मान वर केली असती तर आकडा चुकला असता. सातशे बाराला कठड्याला हात लागला, तसाच मागे वळलो. आणि तुझ्याआधी कसं बघू?"

बाईंनी त्यांना निरखून पाहिलं. या माणसाला थाप मारायची असती तर त्याने तळ्याचं वर्णन बोटींसकट केलं असतं. त्यांनी हात पुढे केला. पेंटरांनी त्यांना उठवलं.

आता त्या मोजत होत्या. शंभराला थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं, पुढे निघायचं. वाटेत आणखी चार पाट्या लागल्या. त्यांवर काय होतं ते दोघांनीही वाचलं नाही. चारशेला डावा गुडघा कुरकुरला, पाचशेला उजवा. सहाशेला पेंटर म्हणाले, आता फक्त... आणि बाईंच्या नजरेने त्यांचं वाक्य तिथेच संपलं. ते खाली मान घालून म्हणाले, "एकशे बारा." बाईंची पावलं लहान होती, त्यामुळे सातशे बारा ओलांडून आकडा नऊशेच्या घरात गेला. पण त्या काही बोलल्या नाहीत. हा फरक त्यांना समजत होता.

सहाला दहा कमी असताना कठडा लागला. पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा होता. बाईंच्या चालीकडे बघून तो दाराशी जाऊन गुपचूप पाठ करून उभा राहिला.

बाईंनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले. खाली तळं होतं. ऊन कलतं झाल्यामुळे त्याचा अर्धा भाग सावलीत होता आणि उरलेला भाग न हलणाऱ्या कापडासारखा ताणलेला. काठाची रेघ कुठे आत जायची, कुठे बाहेर यायची, जशी कोणी मापं न घेता कापली असावी. दूरवर एक छोटी होडी मागे पांढरी शिवण सोडत चालली होती.

शेजारी पेंटर कठड्यावरच्या धोक्याच्या पाटीत गुंतले होते. दुसऱ्या कोणाचं काम होतं, 'ध' बसका आणि ओळ उतरती. त्यावर ते बरंच बोलू लागले. बाईंनी त्यांची हनुवटी धरली आणि तोंड तळ्याकडे वळवलं.

"आता गप्प राहा आणि बघा."

पेंटरांनी बघितलं. ते खरोखर गप्प झाले. होडी दुसऱ्या काठाला लागेपर्यंत त्यांनी शब्द काढला नाही. बाईंना अधूनमधून वळून त्यांच्याकडे बघावं लागलं, बरं वाटतंय ना म्हणून.

"लोक निळं म्हणतात," शेवटी पेंटर हळूच म्हणाले. "निळं नाही. थोडा हिरवा मिसळलाय त्यात."

बाईंना वाद घालायचा होता. आजच्या दिवसात एवढा तरी हक्क त्यांनी कमावला होता. त्यांनी डोळे बारीक करून पाण्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

होता. थोडा हिरवा होता.