घशाला न लागणारी बियर

आमचे भावोजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, बियर करतात. घरामागच्या शेडमध्ये दोन मोठी पातेली, काही पिंपं आणि भाजक्या सातूचा वास, एवढाच त्यांचा कारखाना. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर मीच सांगायची, "झालंय की, त्या पिंपांशी!"

करायचे फक्त पोर्टर, म्हणजे काळीभोर, कडक बियर. पहिली पोर्टर यांनी चाखली आणि तोंड असं काही केलं की मला हसू आवरेना. "कोळसा उगाळलायस की काय? घशाला लागते." झालं! भावोजींनी ते मनाला लावून घेतलं. दादा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मोड आणून वाळवलेले सातू ते नुसते तांबूस भाजू लागले. काळे भाजलेले अगदी मूठभर, तेही शेवटी घालायचे. मग पिंपं थंड खोलीत ठेवून महिनोन् महिने वाट बघायची. प्रत्येक खेपेला पहिला ग्लास दादाचा. वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं, तेव्हा कुठे एकदा हे म्हणाले, "अरे, लागतच नाही घशाला! कडक आहे, पण लोण्यासारखी उतरते." भावोजी रडायचेच बाकी होते.

जळलं मेलं ते कौतुक! उतरायला लागली ती उतरतच राहिली. एका ग्लासाचे चार झाले. यांची नोकरी गेली, डोळे पिवळे पडले, पोट फुगलं. डॉक्टर म्हणाले, "आता थेंबही पोटात गेला तर माझ्या हातात काही नाही."

भावोजींनी त्याच दिवशी शेडला कुलूप ठोकलं. तर हे बाहेर जाऊन कसलीतरी घाणेरडी दारू ढोसून आले. आले कसले, लोकांनी गटाराकाठून उचलून आणले. मी भावोजींना नाही नाही ते बोलले. "गुळगुळीत करायची होती ना तुम्हाला? बघा, कसा घसरलाय तुमचा दादा!"

सकाळी शेडमधून धूर. धावत गेले तर भावोजी सातू करपवत बसलेले, मुद्दाम. ज्या माणसानं आयुष्यात दाणा लागू दिला नाही, तो! "वहिनी, अशी करतो की दादा दुसरा घोट घेणार नाही. या चवीचीच शिसारी बसेल त्याला." मीही वेडी, आशा धरून बसले. ती मुरेपर्यंत आम्ही आळीपाळीनं दारात बसून यांना राखलं, शिव्या खाल्ल्या. असं जन्मभर थोडंच राखता येणार होतं?

शेवटी भावोजींनी ग्लास भरून दिला. यांनी घोट घेतला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"करपलीय रे. लागतेय घशाला."

भावोजींचा चेहरा उजळला. "मग नको घेऊस, दादा. ठेव खाली."

यांनी डोळे मिटून ग्लास रिकामा केला आणि पुढे धरला.

"घशाला लागू दे. मला ती लागतेच."

"ओतू नका," मी ओरडले. भावोजी माझ्याकडे बघेनात. "नाहीतर बाहेर जाईल, वहिनी," एवढंच बोलले, आणि ओतली.

"पुढच्या वेळी सातू जरा कमी भाज," हे म्हणाले.

भावोजींनी मान डोलावली.