पहिल्या नंबरची खुन्नस

गादीवाल्याचं डोकं कायम तापलेलंच असायचं. ओठांत खिळे धरून काम करणाऱ्या माणसाला शिव्या गिळाव्याच लागतात, आणि गिळलेल्या शिव्या जाणार कुठं? पोटातच साचतात. सोफ्याचं रेक्झिन ताणायचं, ओठांतून एक बारीक खिळा काढायचा, ठोकायचा, पुन्हा ताणायचं. आणि दर ठोक्याला डोळ्यांसमोर एकच थोबाड आणायचं. कुस्तीच्या कोचचं.

कोचनं केलंही होतं तसंच. मुलींच्या संघाची निवड होती आणि सगळे आईबाप हॉलच्या भिंतीला टेकून उभे होते. गादीवाल्याची मुलगी टिल्ली. अंगानं एवढीशी, पण एकदा मनगट धरलं की सुटता सुटायचं नाही. तिला घेतली नाही. बापानं कारण विचारलं, तर कोच सगळ्यांदेखत म्हणाला, "मला नंबरातल्या मुली लागतात. ही पहिल्या दहातसुद्धा नाही. हिला गाद्या शिवायला शिकवा, तेवढाच हातभार."

चारपाच जण फिस्सकन हसले. गादीवाल्याची तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यानं चपला भिरकावल्या आणि बायकोला म्हणाला, "हिला पहिल्या नंबरावर नाही बसवली आणि त्या माणसाला नाक घासायला नाही लावलं, तर माझं नाव बदल."

"बदलते. आधी जेवून घ्या," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून टिल्ली शहराच्या पलीकडच्या क्लबात जाऊ लागली. इकडे कोचच्या हॉलमधल्या मॅटचं कव्हर फाटून गादीवाल्याकडेच शिवायला आलं, कारण एवढं मोठं काम करणारा दुसरा कुणी नव्हताच. त्यानं ते घडी घालून कोपऱ्यात टाकलं आणि वर बसून चहा प्यायला. निरोप आला की सांगायचा, "दोरा संपलाय." दोऱ्याची रिळं समोर रचलेली असायची. असा आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पण असल्या फुटकळ सुडानं त्याचं पोट भरणार थोडंच होतं? त्याला नंबर हवा होता. मग त्यानं डोकं लावलं. स्पर्धा जिंकली की गुण मिळतात, हरलं की कापले जातात. तेव्हा कोणत्या स्पर्धेला तगड्या मुली जाणार नाहीत ते आधी हुडकायचं आणि टिल्लीला नेमकी तिथंच न्यायची. समोर यायच्या त्या बिचाऱ्या नवशिक्या, पाय कुठं ठेवायचा तेही न कळणाऱ्या. टिल्ली त्यांना आडवं करायची, पंच हात वर करायचे, बाप टाळ्या पिटायचा. टिल्लीचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

"अहो, पोरीला लढायला नेताय की लपवायला?" बायकोनं एकदा विचारलंच.

"तुला काय कळतंय? नंबर बघ नंबर!"

एकदा मात्र त्याचा अंदाज चुकला. कोचची पट्टशिष्या, जिला तिच्या केसांमुळे सगळे झिपरी म्हणायचे, ती अचानक त्या स्पर्धेत उगवली आणि टिल्लीला तिनं चारी मुंड्या चीत केलं. बापाला घास गिळवेना. आणि टिल्ली? ती घरी येऊन आईच्या कमरेला मिठी मारत होती. "आई, अशी धरली तिनं मला, अशी! आणि कळायच्या आत उचलली! बाबा, मला तिच्याशी परत लढायचंय. आता कसं सुटायचं ते मला कळलंय."

"गुण गेले त्याचं काही नाही ना तुला? परत त्या झिपरीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही."

पण रोज संध्याकाळी गाद्यांच्या ढिगाला झिपरी समजून टिल्ली त्याच कुस्तीची तयारी करत राहिली.

हंगामाची शेवटची स्पर्धा कोचच्याच हॉलमध्ये होती. आजारपण, दुखापत, काही ना काही काढून बापानं ती टाळली असती, पण इथं न उतरणाऱ्याला नंबरच मिळत नव्हता. टिल्ली एकेक कुस्ती मारत अंतिम फेरीत पोचली. समोर झिपरी. टिल्ली बुटांच्या नाड्या आवळून जागच्या जागी उड्या मारत होती, आणि कितीतरी महिन्यांनी हसत होती.

गादीवाल्यानं फलकाकडे पाहिलं. टिल्ली पहिली होती, जेमतेम. हरली तर खाली. दुखापतीनं माघार घेतली तर गुण कापत नाहीत, समोरचीला चढतही नाहीत, आणि लहान मुलांसाठी पालकाची सही चालते. तो तडक टेबलाशी गेला आणि सही ठोकून आला.

"खांद्याच्या दुखापतीमुळे माघार," माइकवर आलं.

"माझा खांदा?" टिल्ली वळली. "बाबा, माझ्या खांद्याला काय झालंय?"

त्याला ऐकायला फुरसत कुठं होती! मॅटवर पंचांनी झिपरीचा हात वर केला, आणि झिपरीनं तो संतापानं हिसकावून घेतला. फलकावर पहिलं नाव टिल्लीचंच राहिलं. गादीवाला छाती काढून कोचसमोर उभा राहिला. "काय हो साहेब? ही बघा गाद्या शिवणारी! पहिली! आहे का आता तोंड बोलायला?"

कोच त्याच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर मॅटवर होती.

टिल्ली मॅटच्या मधोमध खाली बसली होती. तिनं एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही शेजारी शेजारी नीट ठेवले. पैलवान कुस्ती कायमची सोडतो तेव्हाच असे बूट मॅटवर ठेवून जातो. म्हातारेकोतारे ठेवतात, गुडघे गेलेले ठेवतात. एवढ्या वयाच्या पोरीनं ठेवलेले तिथं कुणी पाहिले नव्हते. झिपरी ओठ चावत रडायला लागली.

गादीवाला धावला. बूट उचलायला वाकला, तर पंचांनी त्याचा हात धरला. "ते दुसऱ्या कुणी उचलायचे नसतात."

"अगं, वेडी की काय तू? पहिली आलीस! पहिली!"

"हो ना, बाबा? मग आता मला कुणी हरवूच शकत नाही," टिल्ली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. "घ्या. सांभाळा तुमचा नंबर."

आणि ती मोज्यांवरच दाराकडे चालू लागली.