गिरणीतले चौदा मोबाइल

ती घटना आठवली, की आजही प्रथम डोळ्यांपुढे येतो तो भाद्रपदातला दुपारचा प्रकाश; ढगांतून गाळून आलेला, कोठेही सावली न पाडणारा. मी तेव्हा बीड जिल्ह्यातील एका ठाण्याचा प्रभारी होतो.

खबर आली, की वडवणी रस्त्यावरच्या पिठाच्या गिरणीत चोरीचे मोबाइल दडवले आहेत. स्टेशन डायरीत नोंद करून, दोन पंच व हवालदार सोबत घेऊन मी गेलो. आत पीठ हवेत संथ तरंगत होते. फळीवर चौदा मोबाइल ओळीने मांडलेले, प्रत्येकाला निराळ्या रंगाचा दोरा.

"हे कोणाचे?" मी गिरणीवाल्याला विचारले.

"मेंढरंवाल्यांचे, साहेब. चार्जिंगला ठेवतेत, सांजच्याला नेतेत."

"चौदाही?"

"त्यांच्या पालावर लाईट कुठं हाय? अन् चोरायचंच म्हणलं, तर असले फुटके डबडे चोरीन व्हय मी?"

हवालदार हसले. तेवढ्यात सगळे मोबाइल एकदम थरथरले. फळीवरचे पीठ अलगद धुरासारखे उठले. प्रत्येक पडद्यावर एकच संदेश होता: चार वाजता धरणाचे दरवाजे उघडणार, नदीपात्र सोडावे.

"मेंढरं कुठे आहेत?"

गिरणीवाल्याचा चेहरा उतरला. "नदीतल्या बेटावर. समदी माणसं बी तिथंच हायेत."

साडेतीन वाजले होते. मी धरणाच्या नियंत्रण कक्षाला बिनतारी संदेश दिला. त्या वर्षी तेथे नवी यंत्रणा आली होती. पाऊस, धरणातील पातळी आणि मोबाइलची ठिकाणे एकत्र करून कोठे किती माणसे आहेत, ते ती दाखवीत असे.

"सर, पात्र मोकळं आहे," तेथील अभियंता म्हणाला. "चौदाही जण वर गिरणीपाशी आलेत."

"माझ्यासमोर फक्त मोबाइल आहेत. माणसे नदीत आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "दरवाजे थांबवतो, सर."

आम्ही पात्रात उतरलो, तेव्हा मेंढ्या धुक्याच्या तुकड्यांसारख्या पसरल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "कावून एवढं वरडायलात? पाणी घोट्याला बी न्हाई."

"आजी, धरणातून पाणी सोडणार आहेत."

"मग आमाला सांगायचं न्हाई व्हय?"

मी काठाकडे हात केला. तिने एक लांब शीळ घातली आणि सगळा कळप तिच्यामागे काठाकडे वाहू लागला. माणसे मी स्वतः मोजली. एकोणीस. त्यांतली पाच मुले. एक तर झोळीत झोपलेले.

ती सगळी वर आल्यावरच पाणी सोडले. बेट आवाज न करता दिसेनासे झाले.

यंत्रणा खोटे बोलली, असे मी म्हणणार नाही. तिने मोबाइल बरोबर मोजले होते. ते माणसांजवळच असतात, हे आपण गृहीत धरले होते. आता दरवाजे उघडण्यापूर्वी काठावरच्या प्रत्येक पोलीस पाटलाला लेखी आदेश जातो: पात्रात कोण आहे, ते पाहून कळवावे. त्यातला 'पाहून' हा शब्द मी हट्टाने घालायला लावला.